गर्री बेटावर पाच गाड्यांचा ताफा: आधी पाण्याचं वेळापत्रक, मग बाकी सगळं

प्रश्न थोडक्यात असा: पाच फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या, चौदा माणसं, त्यांत तीन मुलं. चार रात्री तंबूत काढायच्या, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ असलेल्या वाळूच्या बेटावर, म्हणजे आधीच्या फ्रेझर आयलंडवर. वाळूवर गाडी चालवलेले दोघेच. तयारी काय करायची, मुक्काम कुठे, आणि रुतलो तर काय?

आधी नावाचं. २०२३ पासून बेटाचं अधिकृत नाव 'क'गारी' आहे. पण ज्यांची ही भूमी त्या बुचल्ला लोकांच्या उच्चारात सुरुवातीचा 'क' ऐकू येत नाही, साधारण 'गर्री' असं ऐकू येतं. खाली तेच वापरलं आहे. लांबी सुमारे १२० किलोमीटर, जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, १९९२ पासून जागतिक वारसास्थळ. डांबरी रस्ते असतील असं धरून चालू नका. पूर्व किनाऱ्याची पुळण हाच हमरस्ता आहे, आणि तो दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो.

म्हणून सहलीचं वेळापत्रक माणसांच्या सोयीने लावून चालत नाही, ओहोटीपासून उलटं मोजत यावं लागतं. एकटी गाडी थोडी लवकर-उशिरा निघाली तर निभावते. पाच गाड्यांचं तसं नसतं. एकाची हवा काढायची राहते, दुसऱ्याचं मूल झोपलेलं असतं, तिसऱ्याच्या छतावरचा दोर सुटतो, आणि तास कुठे जातो कळत नाही. मोठ्या गटांचे बहुतेक घोटाळे वाळूमुळे होत नाहीत, या हरवलेल्या तासामुळे होतात. उशीर झाला की पाणी वर चढतं, मग ताफा पुळणीच्या वरच्या, कोरड्या, भुसभुशीत कडेने जायला लागतो आणि तिथेच रुततो.

नियम असा: भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास पुळणीवर गाडी नको. नवखे असाल तर ओहोटीच्या आधीचे तीन तास आणि नंतरचे तीन तास एवढीच खिडकी धरा, आणि त्यातलाही पहिला अर्धा, म्हणजे उतरतं पाणी. कारण साधं आहे. उतरत्या पाण्यात रुतलात तर समुद्र लांब जात असतो, निवांत खणता येतं. चढत्या पाण्यात रुतलात तर प्रत्येक लाट चाकाखालची वाळू ओढून नेते आणि अर्ध्या तासात गाडी आसापर्यंत खाली बसते. समजा ओहोटी सकाळी ११ ला आहे, तर ८ ते २ ही खिडकी. ताफ्याने ८ च्या सुमारास पुळणीवर असावं आणि १२ पर्यंत मुक्कामी. उरलेले दोन तास कुणीतरी रुतेल म्हणून राखीव ठेवा. वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणून परतीच्या दिवसाचं गणित निघण्याआधीच मांडून ठेवा. भरती-ओहोटीचे आकडे पूर्व किनाऱ्यावरच्या वॅडी पॉइंटचे घ्या, हर्वी बेच्या बाजूचे नकोत. ते आतल्या उपसागराचे, तिथली वेळ वेगळी. वाऱ्याने समुद्र खवळलेला असेल तर कोष्टकातली ओहोटी कागदावरच राहते, पाणी हवं तेवढं मागे हटत नाही.

बेटावर जायला दोन मुख्य वाटा. मुख्य भूमीवरच्या रिव्हर हेड्सहून बार्ज (गाड्या नेणारी सपाट बोट) पकडलात तर पश्चिम बाजूला वांगूल्बा क्रीक किंवा किंगफिशर बे इथे उतरता आणि तिथून आतल्या अरुंद वाळूच्या वाटेने बेट ओलांडून पूर्वेला जाता. या बार्जचं आरक्षण लागतं. मुख्य भूमीवरच्याच इन्स्किप पॉइंटहून हुक पॉइंटला जाणारी बार्ज छोटी खाडी ओलांडते, दहाएक मिनिटांत थेट पुळणीच्या दक्षिण टोकाला सोडते. नवख्यांच्या गटासाठी इन्स्किपची वाट बरी: ओहोटीला ओली, घट्ट वाळू मिळते, तीवर हात बसतो. फक्त इन्स्किपला बार्जपर्यंतचा शेवटचा तुकडा फार मऊ आहे. रस्त्यावरची हवा तशीच ठेवून तिथे घुसणारे लोक बेट बघायच्या आधीच रुततात. डांबर संपतं तिथेच थांबून टायर सैल करा.

टायरच्या हवेबद्दल जरा सविस्तर, कारण अर्धी विद्या तीच आहे. रस्त्यावर ३६ पीएसआय असलेला टायर १८ वर आणला की तो रुंदीला फारसा वाढत नाही, पण जमिनीला टेकलेला भाग लांबीला चांगलाच वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. तेवढंच वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून चालतं. हलक्या गाडीला १८, छतावर आणि मागे सामान लादलेल्या जड गाडीला २० पासून सुरुवात करा. इंजिन नेहमीपेक्षा कण्हायला लागलं, स्टिअरिंग जड झालं, की १६ वर या. १२ हा आकडा फक्त रुतलेली गाडी काढण्यापुरता, चालण्याच्या वेगाने आणि सरळ. इतक्या कमी हवेत झटकन वळलात तर टायरची कड रिमवरून निसटते. मापं टायर थंड असताना घ्या आणि पाचही गाड्यांना एकच मापक वापरा. स्वस्त मापकांत दोन-तीन पीएसआयचा फरक सहज पडतो, मग 'माझी १८ आणि तुझी १८' यावर वाद होतात. कॉम्प्रेसर गटात किमान दोन हवेत, थेट बॅटरीला चिमटे लावायचे. सिगारेट लायटरच्या खोबणीतून चालणारे छोटे पंप वीस टायर भरता भरता दम टाकतात आणि फ्यूज उडवतात.

गाडीला लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअरचा टप्पा) आणि जमिनीपासून चांगली उंची हवीच. शहरी ऑल-व्हील-ड्राइव्ह पुळणीवर कदाचित निभावेल, पण आतल्या वाटांवर दोन चाकोऱ्यांमधल्या वाळूच्या उंचवट्यावर तिचं पोट टेकतं आणि मागच्या सगळ्यांची वाट अडते. पाचांपैकी एखादी तशी असेल तर ती इन्स्किपच्या अलीकडेच ठेवा आणि माणसं बाकीच्या चार गाड्यांत बसवा. गाडी भाड्याची असेल तर करारात बेटाची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे का आणि खाऱ्या पाण्याचं नुकसान विम्यात धरलंय का, हे बघा. बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

वजनाकडे लोक बघतच नाहीत. फक्त पाण्याचं गणित बघा: माणशी दिवसाला ५ लिटर पिण्या-स्वयंपाकाला, चौदा माणसं, पाच दिवस, झाले ३५० लिटर. म्हणजे ३५० किलो, गाडीमागे ७०. ते खाली, मागच्या चाकांच्या पुढे बसवा. छतावर फक्त हलकं आणि फुगीर सामान: तंबू, अंथरूण. छतावरच्या कॅरिअरची छापील वजनमर्यादा डांबरी रस्त्यासाठी असते, खडबडीत वाटेवर ती एक-तृतीयांशाने कमी धरा. बेटावरच्या मोठ्या तळांवर नळ आहेत, पण ते पाणी उकळून किंवा शुद्ध करूनच प्यायचं. इंधन डांबरापेक्षा सव्वा-दीडपट लागतं. युरॉंग, हॅपी व्हॅली आणि ऑर्किड बीच इथे मिळतं, महाग. टाकी मुख्य भूमीवरच काठोकाठ भरा.

परवाने दोन: प्रत्येक गाडीचा वाहन-परवाना आणि सगळ्यांचा मिळून तंबूचा परवाना. दोन्ही बेटावर पाय ठेवण्याआधी ऑनलाइन काढायचे. शाळांच्या सुट्टीत तळ फार आधी भरतात. कुत्रा नेता येत नाही.

मुक्काम. पुळणीलगतच्या पहिल्या टेकाडामागे मोकळ्या जागा आहेत, समुद्र वीस पावलांवर, फोटो छान येतात. पण मुलं बरोबर असतील तर कुंपणाचा तळ घ्या. डुंडुबारा, वॅडी पॉइंटचा वरचा तळ आणि आत सेंट्रल स्टेशन ही कुंपणाची ठिकाणं. कुंपण डिंगोंसाठी, म्हणजे इथल्या रानकुत्र्यांसाठी आहे. चारही रात्री एकाच जागी काढा. रोज तंबू उपटून पुढे जायचा बेत दोन गाड्यांना जमतो; पाच गाड्यांना रोज आवरायला तीन तास लागतात आणि तेवढ्यात ओहोटीची खिडकी निघून जाते. या गटाला डुंडुबारा योग्य: पुळणीच्या काठावर, शौचालयं आहेत, उत्तरेला इंडियन हेडचा कडा आणि शॅम्पेन पूल्स ही खडकांतली डबकी, दक्षिणेला महेनो या फुटक्या जहाजाचा सांगाडा आणि एली क्रीक हा गोड्या पाण्याचा ओढा. मॅकेंझी सरोवर तिथून लांब पडतं, त्याला अख्खा दिवस द्या. हुक पॉइंटहून डुंडुबाराला पोचायला सरळ गेलं तरी दोन तास धरा. वाटेत पोयुंगन आणि यिडनी इथे खडक पार पाण्यापर्यंत येतात, तिथे मागून वळसा आहे. वाळू वाहून गेली की 'कॉफी रॉक' नावाचा काळपट तपकिरी थरही उघडा पडतो. दिसायला चिखलासारखा, निघतो दगडासारखा. त्यावरून वेगात जाऊ नका.

पुळणीवर कमाल वेग ८०, आतल्या वाटांवर ३०, पाटी असेल तिथे आणखी कमी. पोलीस असतात, श्वासाची चाचणीही होते. पट्टे बांधलेले हवेत, मागच्या हौद्यात माणसं बसवायची नाहीत. ८० ला परवानगी असली तरी नवख्यांनी ५०-६० च्या वर जाऊ नये. गोड्या पाण्याचे ओहळ पुळण कापत समुद्राला मिळतात, आणि रात्रीतून त्यांच्या काठाला गुडघाभर उभी पायरी तयार होते. दुपारच्या सपाट उजेडात ती दिसतच नाही. दिसते तेव्हा गाडी हवेत असते. ओहळ दिसला की थांबा, एकाने उतरून बघा, मग तिरकं न जाता सरळ, सावकाश पार करा. पाण्याच्या कडेने शिंपडत जायची हौस आवरा. पुळणीवर छोटी विमानंही उतरतात. ती दिसली तर वाट त्यांची, आपण बाजूला.

मऊ वाळूत सगळा खेळ लयीचा असतो. चढ किंवा भुसभुशीत पट्टा दिसला की गिअर आधीच निवडा, मध्ये बदलू नका. घसरण आवरणारी यंत्रणा बंद करा, ती नेमकी जोर हवा तेव्हा इंजिन गुदमरवते. थांबताना ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप मंदावू द्या. ब्रेक दाबला की चारही चाकांपुढे वाळूचा ढिगारा जमतो आणि निघताना तोच आडवा येतो. थांबा तेव्हा तोंड उताराकडे आणि चाकं सरळ. आतल्या वाटा कोरड्या दिवसांत सैल असतात. पाऊस पडून गेला की कणांमधलं पाणी वाळू बांधून धरतं आणि त्याच वाटा निम्म्या कष्टात पार होतात. म्हणजे इथे पावसाला नावं ठेवायची नाहीत.

ताफ्याचा क्रम: दोन अनुभवींपैकी एक पुढे, दुसरा सगळ्यात मागे, आणि सुटकेचं मुख्य सामान मागच्याकडे, कारण रुतलेली गाडी त्याच्या पुढेच असणार. सगळ्यात जड गाडी दुसरी किंवा तिसरी. चढावर एका वेळी एकच गाडी. पुढचा वर पोचल्याचं रेडिओवर सांगेपर्यंत मागच्याने चढ धरायचा नाही, नाहीतर पुढचा अर्ध्यात थांबला की दोघेही अडकतात. फाट्यावर प्रत्येकाने आपल्या मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं, म्हणजे कुणी हरवत नाही. यूएचएफ रेडिओ प्रत्येक गाडीत हवा. चॅनेल ५ आणि ३५ फक्त आणीबाणीसाठी असतात, तिथे गप्पा मारणं गुन्हा आहे. २२ आणि २३ वर बोलायचं नसतं. फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांचा नेहमीचा चॅनेल १०.

आता रुतल्यावर. गाडी पुढे सरकायची थांबली त्याच क्षणी पाय काढा. 'अजून एकदा जोर लावून बघू' यातच चाकं गरागरा फिरतात आणि दहा सेंटिमीटरचा खड्डा चाळीसचा होतो. मग या क्रमाने:

१. रिव्हर्स टाका आणि आलेल्या चाकोरीतून हळूच मागे या. तिथली वाळू तुमच्याच चाकांनी दाबलेली असते. निम्म्या वेळा एवढ्यावर काम होतं.

२. नाही झालं तर खाली वाकून बघा. डिफरन्शियल (आसाच्या मधली गिअरपेटी) किंवा चासी टेकली असेल तर कितीही ओढलं तरी गाडी नांगरासारखी वाळू घेऊन येईल. लांब दांड्याच्या फावड्याने पोटाखालची वाळू आधी काढा.

३. हवा आणखी उतरवा, १५, गरज पडली तर १२.

४. चारही चाकांपुढे उतार खणा, चाकाच्या तळापासून वर निमुळता. लोक खड्डा खणतात आणि त्याची पुढची भिंत उभीच ठेवतात. चाक ती भिंत चढत नाही.

५. मॅक्सट्रॅक्ससारख्या पाट्या चाकाखाली जितक्या आत जातील तितक्या खुपसा, दातेरी बाजू वर. लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर, अगदी हळू. पाटीवर चाक फिरलं तर दाते वितळतात आणि पाटी मागच्या माणसाकडे उडते. पाटीमागे कुणी उभं राहायचं नाही.

६. शेवटी ओढपट्टा, म्हणजे ताणला जाणारा स्नॅच स्ट्रॅप.

या शेवटच्या पायरीची गटात सगळ्यांना घाई असते आणि सगळ्यात धोकादायक तीच. पट्ट्याची तुटण्याची क्षमता दोन गाड्यांपैकी हलकीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट हवी. ३ टनांच्या गाडीला ८ टनांचा पट्टा बसतो. शॅकलवर (पट्टा अडकवायची पिनची लोखंडी कडी) क्षमता कोरलेली हवी, ३.२५ किंवा ४.७५ टन. पिन पूर्ण आवळून अर्धा आटा मागे घ्या, नाहीतर ओढ बसल्यावर ती जाम होते. पट्टा चासीला बोल्ट केलेल्या, क्षमता ठरलेल्या हुकालाच लावायचा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही नाही. तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा काचेतून आत येतो. ऑस्ट्रेलियात यात माणसं मेलेली आहेत. पट्ट्याच्या मध्यावर जड ओली चादर किंवा डॅम्पर (पट्टा तुटला तर त्याची उसळी दाबणारं वजन) टाका. बघ्यांनी पट्ट्याच्या दीडपट अंतरावर, बाजूला उभं राहायचं: ९ मीटरचा पट्टा तर निदान १४ मीटर लांब. दोन-तीन मीटर ढील ठेवा, ओढणाऱ्याने चालत्या माणसापेक्षा थोड्या जास्त वेगाने निघायचं, रुतलेल्यानेही हलका अॅक्सिलरेटर द्यायचा. खुणा एकानेच करायच्या. दोनदा जमलं नाही तर जोर वाढवू नका, पुन्हा खणा. पंधरा मिनिटं खणलं तर पट्टा बहुतेक वेळा पिशवीतच राहतो.

गटाला सामान: लांब फावडी दोन, पाट्या दोन जोड, ओढपट्टा एक, शॅकल चार, डॅम्पर एक, जॅकखाली घालायला ४० सेंटिमीटरची जाड फळी. फळी नसेल तर पंक्चर झाल्यावर जॅक वाळूत जातो आणि गाडी आहे तिथेच राहते.

तळावर तंबूचे साधे खिळे वाळूत निरुपयोगी. ३०-४० सेंटिमीटरचे रुंद वाळूखिळे घ्या, किंवा पिशवीत वाळू भरून, दोर बांधून हातभर खोल पुरा. वारा बहुतेक आग्नेयेकडून येतो, तंबूची पाठ तिकडे. शेकोटी फक्त डुंडुबारा आणि वॅडी पॉइंट इथल्या, शेकोटीसाठीच केलेल्या सामायिक रिंगणांमध्ये, तीही बरोबर आणलेल्या, रसायन न लावलेल्या कापीव लाकडाची. बेटावरची काटकी उचलायची नाही. स्वयंपाक गॅसवर आणि गटाची चूल एकच. पाच चुली म्हणजे पाच ठिकाणी सांडलेलं अन्न.

कारण डिंगो. बुचल्ला त्यांना वोंगारी म्हणतात. अन्न, कचरा, रिकामा बर्फाचा डबा, टूथपेस्टसुद्धा बंद गाडीत. तंबूत काहीही नाही. खाऊ घालणं गुन्हा आहे, आणि माणसाळलेला डिंगो पुढे चावरा होतो. कुंपणाबाहेर मूल हाताच्या अंतरावर हवं, किशोरवयीन असलं तरी. चालताना एकत्र, हातात काठी. समोर आला तर पळू नका: ताठ उभं राहा, तोंड त्याच्याकडे, हात छातीवर, हळूहळू मागे या. पळणारं मूल त्याला शिकार वाटतं.

समुद्रात पोहायचं नाही. जीवरक्षक नाहीत, ओढ जबर आहे, शार्क आहेत. पोहायला एली क्रीक आणि सरोवरं. वॅबी सरोवराच्या वाळूच्या उतारावरून धावत जाऊन सूर मारण्याने लोकांचे मणके मोडलेले आहेत, हे मुलांना तिथे पोचायच्या आधी सांगा. इंडियन हेडच्या पुढे न्काला रॉक्सची वाट आहे. दोघेच अनुभवी असलेल्या गटाने ती या खेपेला सोडून द्यावी. बेटावर रुग्णालय नाही, मोबाइलला रेंज तुटक मिळते. आणीबाणीत ००० हा ऑस्ट्रेलियातला तातडीचा क्रमांक लावायचा आणि ठिकाण सांगता यायला हवं. रेंज नसेल तेव्हासाठी उपग्रहावरून ठिकाण कळवणारा ४०६ मेगाहर्ट्‌झचा छोटा बीकन एक तरी बरोबर ठेवा.

परतताना डांबर लागलं की आधी हवा, मग चहा. १८ पीएसआयवर महामार्गाचा वेग धरला तर टायरची बाजू तापून फाटते. त्याच दिवशी गाडीखालून गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारा: चासीच्या पोकळ्या, ब्रेकच्या मागची बाजू, रेडिएटरच्या जाळीतली वाळू. छतावर पाणी ओतून समाधान मानू नका, मीठ खाली बसलेलं असतं.